वहीची पावती

कारागृहांचे नवे नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

१८९४ चा कारागृह कायदा आता हळूहळू अडगळीत चालला आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा तयार करून राज्यांकडे पाठवला. त्यावरून राज्यांनी आपापले कायदे करायचे, कायद्याखाली नियम यायचे, नियमांखाली परिपत्रकं. म्हणजे कुठल्यातरी सचिवालयात तुमच्यापैकी कुणीतरी 'बंद्याने जवळ बाळगावयाच्या वस्तू' अशी यादी पुढ्यात घेऊन बसलं असणार. त्या यादीत एक ओळ वाढवा आणि त्या ओळीसाठी एक छोटासा नियम करा, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. विषय आहे जन्मठेपेच्या बंद्यांचं लेखन आणि त्यांची चित्रं.

मी एका लहानशा मराठी नियतकालिकाचं संपादन करते. बंद्यांचं लिखाण आमच्याकडे येतं ते संचित रजेवर, म्हणजे सगळे म्हणतात त्या फर्लोवर, आलेल्या माणसाच्या पिशवीतून, वकिलाच्या फायलीत दुमडून, नाहीतर आतल्या शाळेच्या गुरुजींच्या ओळखीने. पोस्टाने क्वचित. बहुतेक वेळा शंभरपानी वही असते. समास न सोडता लिहिलेली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवरसुद्धा. अक्षर पहिल्या पानांवर टपोरं आणि शेवटाकडे बारीक होत गेलेलं, कारण पुढची वही कधी मिळेल याचा भरवसा नसतो. पानापानावर 'तपासले' असा जांभळा शिक्का आणि त्याखाली सही. शिक्का मारणाऱ्याला कवितेशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तो वाटेल तिथे बसतो. एका कवितेत तो नेमका शेवटच्या शब्दावर बसला होता. शब्द 'गेला' आहे की 'मेला', हे कवीला विचारायची सोय नव्हती. त्याच्या पुढच्या फर्लोपर्यंत कविता थांबली. ('मेला' होतं.)

पण शिक्का बसलेली वही म्हणजे नशीबवान वही. ती निदान कुणीतरी उघडली आणि परत दिली. जन्मठेपेच्या आणखी एका बंद्याने ऊसतोडीच्या टोळीवर लिहायला घेतलं होतं. मुकादमाची उचल, कोयत्याची जोडी कशी लागते, पाल कुठे ठोकायचं, गाडीवान आणि टायरवाला यांच्यात मान कुणाला जास्त, असं सगळं. आत्मचरित्र वगैरे नाही, सरळ माहिती, आणि मधूनमधून असा खवचट विनोद की आम्ही दोन प्रकरणं वाचूनच पुढचं कधी येतंय म्हणून वाट पाहत होतो. एके दिवशी त्याची बदली निघाली. नाव पुकारलं, ताट-वाटी-कांबळं उचललं, गाडी सुटली. वह्या बराकीत राहिल्या आणि पुढच्या झडतीत 'इतर कागद' म्हणून गेल्या. चौकशी केली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने उत्तर दिलं, "मॅडम, रजिस्टरला नोंदच नाही, तर शोधायचं काय?"

नियमाप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आणि माझा मुद्दा इथेच सुरू होतो. माणूस आत येतो तेव्हा त्याच्या घड्याळाची नोंद होते. अंगठी, पाकीट, पाकिटातली रोकड, सगळं यादीत चढतं, यादीवर सही होते, सुटताना ते परत मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांमध्येही हेच आहे. बंद्याची वस्तू जमा करून घेतलीत तर तिची यादी करा, ती सुरक्षित ठेवा, परत द्या. पण ही सगळी तरतूद बाहेरून आत आणलेल्या वस्तूंसाठी आहे. आत आल्यावर जे तयार होतं, त्याचा जन्मदाखला कुठेच नाही. चौदा वर्षांत लिहिलेल्या वह्यांपेक्षा अटकेच्या दिवशी मनगटावर असलेलं बंद पडलेलं घड्याळ कारागृहाच्या लेखी जास्त खरं असतं.

आपल्याकडे कारागृहातल्या लेखनाचा विषय निघाला की मंडाले आणि नाशिक यांची नावं घेऊन सगळे भावुक होतात. मला तिथला एक रुक्ष तपशील महत्त्वाचा वाटतो. मंडालेला लोकमान्यांना सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या, त्यांवर पानांचे आकडे घातलेले, आणि लिहायला शिसपेन्सिल. परकी सरकारचा संशय दुसरं काय करणार? १९१४ साली टिळक सुटले तेव्हा हस्तलिखित लगेच हातात पडलं नाही, सरकारने ते ठेवून घेतलं होतं. नंतर परत दिलं आणि १९१५ मध्ये 'गीतारहस्य' छापून झालं. संशयापोटी का होईना, पानं मोजलेली होती. अमुक इतक्या वह्या सरकारकडे आहेत हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, म्हणून त्या परत मागता आल्या. आमच्या ऊसतोडीवाल्याला तेवढीही सोय नव्हती.

टिळकांचं उदाहरण थोरामोठ्यांचं म्हणून सोडून द्यायचं असेल, तर कायद्याचं घ्या. प्रभाकर संझगिरी १९६० च्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. सरकारच्याच परवानगीने त्यांनी आत बसून अणूच्या अंतरंगावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. ते छपाईसाठी बाहेर पाठवायची वेळ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने नकार दिला. सरकारचा युक्तिवाद असा होता की स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक छापायला पाठवण्याचा हक्क दिलेला नाही, सबब तो नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये हे उलटं फिरवलं. अटींमध्ये मनाई नाही, पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धक्का लागत नाही, मग अडवायचं कशाच्या आधारावर? हस्तलिखित बाहेर जाऊ द्यावं लागलं. म्हणजे या प्रश्नावरचा पहिला मोठा निकाल मराठी पुस्तकावरून लागला आहे. साठ वर्षांत त्याचं रूपांतर एका साध्या नियमात का झालं नाही, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणी दिलं तर ते मी छापीन.

संझगिरी राजकीय स्थानबद्ध होते, जन्मठेपवाले नव्हते, हे मला माहीत आहे. पण नियमाची गरज सर्वांत जास्त कुणाला आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे कारागृहांचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. देशातल्या शिक्षाबंद्यांपैकी निम्म्याहून अधिक जन्मठेपेचे आहेत. कच्चा कैदी तारखेवर जगतो. दोन वर्षांची शिक्षा असलेला दिवस मोजत जगतो. जन्मठेपवाल्याला मोजायला आकडाच नसतो. चौदा वर्षं झाली की सुटतात, हा बाहेरचा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं आहे की जन्मठेप म्हणजे उरलेलं सबंध आयुष्य. चौदा वर्षं ही अट १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ म्हणून आली, आता ती नव्या संहितेत कलम ४७५ आहे, आणि तिचा अर्थ एवढाच की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात चौदा वर्षांच्या आत सोडता येणार नाही. चौदानंतर सोडायचं की नाही ते सरकार ठरवणार. २००८ पासून तर न्यायालयं पंचवीस वर्षं, तीस वर्षं, माफीशिवाय, म्हणजे मुदतीत कुठलीही सूट न देता, अशाही शिक्षा देऊ लागली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

अशा माणसाजवळ वेळ असतो आणि तो बराकीतला कायमचा रहिवासी असतो. म्हणून बराकीचा कारकूनही बहुधा तोच होतो. इतरांचे जामिनाचे अर्ज, पॅरोलचे अर्ज, न लिहिता येणाऱ्यांची घरची पत्रं त्याच्याकडे येतात. आमच्याकडे लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण असेच अर्ज लिहिता लिहिता लिहिते झाले. दुसऱ्याच्या बायकोला दुसऱ्याच्या वतीने पत्र लिहायचं म्हणजे काय लिहायचं आणि काय गाळायचं याचं शिक्षण आपोआप होतं. मराठीतल्या पुष्कळ कथाकारांना हा धडा मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाचताना कधीकधी वाटतं. या लोकांची वही दोन-चार पानांची नसते, ती दहा-पंधरा वर्षांचं काम असते. दर झडतीत, दर बदलीत, बराकीत पाणी शिरलं की, ती पणाला लागते.

पत्राला नियम आहे. कुणाला, किती, कुणी तपासायचं, हे सगळं लिहिलेलं आहे. हस्तलिखिताला नियम नाही. त्यामुळे काय होतं, तर लिहिणारे कविता पत्राच्या वेषात बाहेर पाठवतात. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून नागपूरच्या कारागृहात जन्मठेप भोगत असताना प्रा. जी. एन. साईबाबा यांनी बऱ्याच कविता पत्रांतूनच पत्नीला आणि मित्रांना पाठवल्या. २०२२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं काहीही मत असो. कवितेला पत्र म्हणून जगावं लागतं, ही गोष्ट खुनाच्या गुन्ह्यातल्या निरक्षराला आत जाऊन अक्षर आलं तरी तितकीच लागू आहे.

आता ज्या मुद्द्यावर तुमचं आणि माझं बहुधा पटणार नाही, तो घेते.

कारागृहांत निबंध, कविता, चित्रं यांच्या स्पर्धा होतात. दोन ऑक्टोबरला होतात, पंधरा ऑगस्टला होतात. त्याचं श्रेय तुम्हाला जायलाच हवं, कारण रंगाची डबी अनेकांच्या हातात पहिल्यांदा तिथेच येते. पण विषय पाहा. 'माझी चूक', 'व्यसनाचे दुष्परिणाम', 'मला सुधारायचे आहे'. जन्मठेपवाला मूर्ख नसतो. कुठल्या कवितेला टाळ्या पडतात आणि ती कुठल्या फायलीला लागते हे त्याला पहिल्या वर्षात कळतं. मग एकाच साच्यातल्या पश्चात्तापाच्या कविता ढिगाने तयार होतात. आईचे अश्रू, काळी रात्र, उजाडणारी पहाट. आमच्याकडे आल्या की आम्ही त्या परत करतो. पश्चात्ताप खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो खरा असला तरी कविता खोटी असू शकते.

या साच्याला मोठा आधार मिळाला तो २०१९ मध्ये. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, लहान मुलाचं अपहरण आणि खून या गुन्ह्यात, फाशी झालेल्या माणसाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. गुन्ह्याच्या वेळी तो बावीस वर्षांचा होता आणि अठरा वर्षं कारागृहात काढून झाली होती. आत त्याने बी. ए. केलं होतं आणि कविता लिहिल्या होत्या. त्या कवितांतून त्याला आपली चूक उमगल्याचं दिसतं, असं न्यायालयाने निकालात नोंदवलं. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने असंही सांगितलं की फाशीच्या प्रकरणांत आरोपीची कारागृहातली वागणूक, त्याने तिथे केलेलं काम, याचा अहवाल मागवलाच पाहिजे. फाशी टळली याबद्दल माझी तक्रार नाही. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस जे हाताला लागेल ते पुढे करणार आणि न्यायालयाने ते पाहिलंच पाहिजे. पण तुम्ही नियम लिहिताना यातून 'लेखन म्हणजे सुधारणेचा पुरावा' असं सूत्र काढू नका.

ते सूत्र दोन्ही बाजूंनी फसतं. १९८१ साली अमेरिकेत एका दीर्घ शिक्षेच्या कैद्याची पत्रं पुस्तकरूपात आली. एका नामांकित कादंबरीकाराने त्याच्यासाठी शब्द टाकला, तो पॅरोलवर सुटला आणि काही आठवड्यांतच त्याने न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहात तिथे काम करणाऱ्या तरुणाला भोसकून मारलं. पुस्तक चांगलं होतं. माणूस धोकादायक होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समीक्षकांना तेव्हा सुचलं नाही. दुसरं टोक रुमानियाचं. तिथे कायद्याने प्रत्येक छापील अभ्यासग्रंथामागे शिक्षेत तीस दिवसांची सूट ठेवली होती. मग आत गेलेले पुढारी आणि उद्योगपती धडाधड विद्वान झाले. शेकडो पुस्तकं निघाली, ती कुणी कुणाकडून लिहून घेतली यावर तपास बसले, आणि २०१६ मध्ये सरकारला ती सवलतच काढून टाकावी लागली. ब्राझीलमध्ये २०१२ पासून वाचनाला माफी आहे. पुस्तक वाचून त्यावर टिपण लिहिलं की चार दिवस, वर्षाला जास्तीत जास्त बारा पुस्तकं. ते मला चालतं, कारण वाचन सगळ्यांना जमण्यासारखं आहे आणि टिपणाला कुणी साहित्य म्हणत नाही. लेखनाला मात्र माफीचा एक दिवसही लावू नका. माफी समितीपुढे कवितेची वही ठेवायची नाही, असं नियमात स्पष्ट लिहा. मग बंद्याला ऊसतोडीवर लिहायला मोकळीक मिळेल, आणि ज्याला लिहिता येत नाही तो चांगला वागूनही मागे पडणार नाही.

चित्रांबद्दल थोडं. कॅलिफोर्नियातल्या पेलिकन बे कारागृहात जन्मठेपेचा एक बंदी वर्षानुवर्षं एकांतवासात होता. तिथे रंग मिळत नाहीत. त्याने रंगीत कवचाच्या चॉकलेटच्या गोळ्या पाण्यात भिजवून रंग सोडवले, ते जॅमच्या रिकाम्या छोट्या डब्यांत साठवले, स्वतःच्या केसांचा कुंचला बांधला आणि पोस्टकार्डांवर अमूर्त चित्रं काढली. २००६ मध्ये ती मेक्सिकोत प्रदर्शनात लागली, विकली गेली, पैसे कैद्यांच्या मुलांसाठी दिले गेले. कारागृहाने त्याच्यावर विनापरवाना धंदा केल्याचा ठपका ठेवला. ही बातमी वाचून आपल्याकडचे लोक कळवळतात. आपल्याकडे कोणता नियम आहे, ते मात्र विचारत नाहीत. कारागृहाच्या कार्यशाळेत, शिक्षकाच्या देखरेखीखाली, सरकारी कागदावर काढलेलं चित्र कुणाचं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे निर्माता हाच पहिला मालक, आणि शिक्षा झाली म्हणून ही मालकी जात नाही. पण त्याच कायद्यात शासनाच्या निर्देशाने किंवा नियंत्रणाखाली केलेल्या कामाचं वेगळं कलम आहे, आणि तिथे पहिला मालक शासन. कारागृहात शासनाच्या नियंत्रणाबाहेर काय असतं? एखाद्या कडक हिशेबनिसाने ठरवलं तर भिंतीवर काढलेला मोरही सरकारजमा होईल. तुम्ही एका वाक्यात हा घोळ मिटवू शकता. कारखान्यात मजुरीवर केलेलं काम कारागृहाचं. स्वतःच्या मनाने काढलेलं, लिहिलेलं, ज्याचं त्याचं, मग कागद कुणीही दिलेला असो. चित्रावर नाव घालायचं की टोपणनाव, हेही ज्याचं त्याने ठरवायचं.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण पैसा आला की बाहेरच्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. गुजरात सरकारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बंद्यांना रास्त मजुरी द्या असं सांगितलं आणि त्याच निकालात त्या मजुरीतून काही वाटा पीडितांसाठी काढण्याची व्यवस्था करायलाही सांगितलं. ब्रिटनमध्ये लेखक आर्थर कोस्लर यांनी १९६२ मध्ये कैद्यांच्या कलेसाठी पारितोषिकं सुरू केली. ते स्वतः स्पेनच्या यादवी युद्धात फाशीच्या छायेत कोठडीत राहिलेले. त्या प्रदर्शनांत विकल्या जाणाऱ्या चित्रांच्या पैशातला वाटा पीडितांना आधार देणाऱ्या संस्थेला जातो. मजुरीला लावता तोच हिशेब चित्राला आणि मानधनाला लावा. न्यूयॉर्कने १९७७ मध्ये यापेक्षा कडक कायदा केला होता. गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याबद्दल लिहून मिळवलेला सगळा पैसा पीडितांसाठी राखून ठेवायचा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्याचं जाळं एवढं मोठं होतं की आयुष्यात कधी केलेल्या गुन्ह्याचा पुस्तकात ओझरता उल्लेख करणारा प्रत्येक लेखक त्यात सापडत होता. आपण करताना तेवढं लांबरुंद जाळं टाकू नये.

पण पैशाने न सुटणारी गोष्ट वेगळीच आहे. एका अंकात आम्ही एका जन्मठेपवाल्याची कथा त्याच्या नावानिशी छापली. कथेत गुन्ह्याचा उल्लेखही नव्हता, बैलाची गोष्ट होती. काही दिवसांनी एका बाईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "त्याचं नाव तुम्ही छापलंत. माझ्या पोराचं नाव आता कुठे छापून येणार?" मी काय उत्तर दिलं ते इथे सांगण्याच्या लायकीचं नाही, आणि याहून चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ज्याला मारलं त्याने काय लिहिलं असतं, कोणतं चित्र काढलं असतं, हा प्रश्न प्रत्येक अशा वहीच्या शेजारी उभा असतो आणि वहीवर बंदी घालून त्याचं उत्तर मिळत नाही. तरी दोन गोष्टी करता येतात. मृताचं किंवा पीडिताचं नाव, ओळख पटेल असा तपशील, गुन्ह्याचं वर्णन, हे कुटुंबाला कळवल्याशिवाय छापता येऊ नये. आणि आम्हा संपादकांनी 'खुन्याची कविता' असल्या मथळ्यांचा मोह सोडावा. तो मोह कविता खपवायला असतो आणि त्यात कवीही मरतो, मेलेला पुन्हा मरतो. यापुढची जबाबदारी माझ्या धंद्याची आहे, ती तुमच्यावर ढकलत नाही.

मग सेन्सॉर. तो नकोच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात अँगोला कारागृहातून निघणाऱ्या 'अँगोलाइट' या मासिकाला १९७० च्या दशकात तिथल्या प्रमुखांनी सेन्सॉरमुक्त केलं आणि विल्बर्ट रिडो या जन्मठेपेच्या कैद्याच्या संपादनाखाली त्याने राष्ट्रीय पातळीवरचे पत्रकारिता पुरस्कार मिळवले. तिथल्या अधिकाऱ्याची छाती मोठी होती. सगळीकडे तशी असेल अशी अपेक्षा नियमात लिहिता येत नाही. पळून जाण्याचा बेत, साक्षीदाराला धमकी, बाहेरच्या टोळीला निरोप, हे तपासायलाच हवं. पण कारागृहाची बदनामी हे कारण त्या यादीत बसत नाही. तमिळनाडूत १९९४ मध्ये फाशीच्या एका कैद्याचं आत्मचरित्र एका साप्ताहिकात येणार होतं, त्यात अधिकाऱ्यांची नावं होती, आणि कारागृह प्रशासनाने ते अडवायचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की छापण्याआधी अडवायचा अधिकार सरकारला नाही. बदनामी झाली असं वाटलं तर नंतर दावा लावा. तेव्हा डाळ पातळ होती असं कुणी लिहिलं, तर त्या ओळीवर शिक्का मारा, खुशाल मारा, पण ओळ खोडू नका.

आता तो नियम. भाषा तुमची तुम्ही बसवाल, मी आशय सांगते. वही भरली की बंद्याने ती जमा करायची किंवा जवळ ठेवायची, निवड त्याची. जमा केली तर पानं मोजून पावती द्यायची. वही किंवा चित्र बाहेर पाठवायचा अर्ज आला की तीस दिवसांत निर्णय द्यायचा, तीस दिवस उलटले तर परवानगी आहे असं धरायचं. नकार द्यायचा तर कुठली पानं आणि का, हे लेखी द्यायचं, आणि त्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागता यावी. मजकुराची भाषा तपासणाऱ्याला येत नसेल तर ती येणारा माणूस शोधायचं काम कारागृहाचं. गोंडीत किंवा पारधीत लिहिलं म्हणून वही अडकून पडू नये. बदली निघाली की वह्या बंद्याच्या सामानाच्या यादीत चढवून त्याच गाडीतून जाव्यात. झडतीत उचलल्या तर पंचनाम्यात पानांच्या संख्येसह नोंद व्हावी. आणि बंदी आतच वारला, जन्मठेपेत हे होतंच, तर त्याचे कपडे आणि खात्यावरची रक्कम जशी घरी जाते तशा वह्याही जाव्यात. शिक्का समासात मारावा. हे शेवटचं कलम तुम्हाला पोरकट वाटेल, पण शिक्का समासात मारायला खर्च येत नाही.

कागदाचा खर्च येतो. तो आमच्यासारख्यांकडून घ्या. मराठीत नियतकालिकं, ग्रंथालयं, साहित्य संस्था पुष्कळ आहेत आणि कोऱ्या वह्या देणगी म्हणून घेण्याची मुभा अधीक्षकांना असली तर त्या कमी पडणार नाहीत. बांधलेल्या, पानांवर आकडे घातलेल्या वह्या हव्या असतील तर तशाही देऊ.

नियमांचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या, तर हे पत्र सूचना म्हणून दाखल करून घ्यावं आणि त्याची पोच द्यावी, ही विनंती. ऊसतोडीवरची जी दोन प्रकरणं आमच्याकडे असल्यामुळे वाचली आहेत, त्यांच्या छायाप्रती सोबत जोडते आहे. उरलेली तो पहिल्यापासून लिहितो आहे असं गेल्या फर्लोत म्हणाला. सध्या त्याच्याकडे दोन वह्या भरल्या आहेत आणि दोन्हींची नोंद कुठेही नाही.

आपली,
एक संपादक